पाव इंचाचा हिशेब: चौकोनी तुकड्यांतून पॅचवर्कचे ब्लॉक कसे जोडावेत

पॅचवर्कच्या गोधडीकडे दुरून पाहणाऱ्याला रंग दिसतात, पण ती जोडायला बसलेल्या माणसाचा बराचसा वेळ मापांत जातो. सारख्या आकाराचे चौकोनी तुकडे कापायचे, ते एकमेकांना शिवून ब्लॉक तयार करायचा आणि असे ब्लॉक ओळीने जोडून गोधडीचा वरचा थर बनवायचा, इतकेच या कामाचे स्वरूप आहे. त्यात लागणारी टीपही सरळ रेषेतली, म्हणजे शिवणकामातली सर्वांत सोपी. तरीही पहिल्या प्रयत्नात कोपरे जुळत नाहीत, एक ओळ दुसरीपेक्षा लांब भरते आणि ब्लॉक टेबलावर सपाट न बसता मध्येच फुगतो. असे झाले की नवशिका आपल्या हाताला किंवा मशीनला दोष देतो. माझा अनुभव असा आहे की चूक बहुतेक वेळा कापड कापताना, माया सोडताना किंवा इस्त्री फिरवताना आधीच झालेली असते आणि टीप फक्त ती उघडी पाडते. त्यामुळे या लेखात प्रत्यक्ष शिवण्यापेक्षा त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

सरावासाठी एकच नमुना डोळ्यांपुढे ठेवू. तीन ओळींत तीन-तीन असे नऊ चौकोन जोडून होणाऱ्या ब्लॉकला ‘नाइन पॅच’ म्हणतात. असे पाच ब्लॉक आणि त्याच मापाचे चार सलग, बिनजोडाचे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून-पालटून लावले, तर तयार माप १८ इंच बाय १८ इंच येते. एवढ्याशा तुकड्यात या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी भेटतात, आणि तो पूर्ण झाल्यावर उशीचा अभ्रा म्हणून उपयोगीही पडतो.

माया आणि कापायचे माप

दोन तुकडे जोडताना टिपेच्या पलीकडे जे कापड आत दडते त्याला शिवणकामात माया म्हणतात. काही जण त्यालाच मार्जिन म्हणतात. कपडे शिवताना ही माया सैलपणे अर्धा इंच किंवा त्याहून जास्त सोडली जाते, कारण पुढे कपडा उसवून मोठा करण्याची सोय ठेवायची असते. पॅचवर्कमध्ये असा विचार नसतो. येथे माया पाव इंच ठेवण्याची पद्धत आहे, आणि ती सर्व तुकड्यांना, सर्व बाजूंनी, तंतोतंत सारखी असावी लागते.

यातून कापायच्या मापाचा साधा नियम निघतो. चौकोन तयार झाल्यावर जेवढा दिसायला हवा त्यात अर्धा इंच मिळवायचा, कारण दोन्ही बाजूंचा पाव-पाव इंच मायेत जाणार असतो. तयार चौकोन २ इंचांचा हवा असेल तर कापताना तो अडीच इंचांचा कापावा. असे नऊ चौकोन जोडले की ब्लॉक साडेसहा इंचांचा भरतो आणि गोधडीत बसल्यावर त्याचे ६ इंच दिसतात. नवशिक्यांचा गोंधळ याच ठिकाणी होतो: अडीच तिपटीने साडेसात, मग ब्लॉक साडेसहाच का, असे त्यांना वाटते. प्रत्येक जोडात अर्धा इंच जातो आणि एका ओळीत दोन जोड असतात, म्हणून एक इंच वजा. कागदावर हे एकदा स्वतः मांडून पाहावे. पुढे कोणताही नमुना दिसला तरी त्याचे कापायचे माप स्वतःच काढता येते.

सेंटिमीटरमध्ये काम करणाऱ्यांनी माया पाऊण सेंटिमीटर धरावी आणि तयार मापात दीड सेंटिमीटर मिळवावे. ५ सेंटिमीटरच्या चौकोनासाठी साडेसहा सेंटिमीटर. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्यामुळे पाऊण सेंटिमीटर आणि पाव इंच एक नव्हेत, आणि एकाच कामात दोन्ही मापे मिसळली तर ती चूक पुढे शोधूनही सापडत नाही. एक पट्टी निवडावी आणि काम संपेपर्यंत तीच वापरावी. हे अक्षरशः घ्यावे, कारण दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्यांमध्येसुद्धा रेघेच्या जाडीइतका फरक निघू शकतो.

कापडाची निवड

पहिल्या कामासाठी मध्यम जाडीचे, घट्ट विणीचे, शंभर टक्के सुती कापड घ्यावे. सुती कापडाला इस्त्रीची घडी नीट बसते, दोन तुकडे एकमेकांवर ठेवले की ते घसरत नाहीत आणि काठाचे धागे लवकर सुटत नाहीत. रेशीम, सॅटिन, शिफॉन सुंदर दिसतात खरे, पण मशीनखाली ते हातातून निसटतात. टी-शर्टचे विणलेले कापड ताणले जाते. या दोन्ही प्रकारांपासून सुरुवातीला दूर राहावे. जुन्या कपड्यांचे तुकडे वापरायला काहीच हरकत नाही, फक्त कापड उजेडासमोर धरून पाहावे: जिथे वीण विरळ झालेली दिसते तो भाग सोडून द्यावा, कारण नव्या कापडाला जोडलेला झिजलेला तुकडा सर्वांत आधी फाटतो. जाड डेनिम आणि पातळ मलमल एकाच ब्लॉकमध्ये घेऊ नयेत.

नवे सुती कापड पहिल्या धुण्यात थोडे आटते आणि गडद रंग सोडू शकतो, म्हणून कापण्याआधी ते धुऊन, वाळवून, इस्त्री करून घेणे बरे. विशेषतः लाल, गडद निळा आणि काळा यांच्याबद्दल शंका ठेवावी. कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या कापडावर ठेवावा आणि वरून गरम इस्त्री दाबावी. पांढऱ्यावर डाग उमटला तर ते कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा धुवावे, आणि तरीही रंग जात राहिला तर फिकट रंगांच्या शेजारी ते वापरूच नये. धुतल्यावर कापड मऊ पडते आणि कापताना सरकते. कांजी किंवा स्टार्चचा हलका फवारा मारून इस्त्री केली की ते कागदासारखे वागते. ही पायरी अनेक जण आळसाने गाळतात. स्टार्च केलेल्या आणि न केलेल्या कापडाच्या चौकोनांतला फरक मात्र पहिल्या ओळीतच दिसतो.

कापडाच्या धाग्यांची दिशा समजून घ्यावी. काठाला समांतर जाणारे उभे धागे सर्वांत कमी ताणले जातात, आडवे धागे थोडे अधिक, आणि त्यांच्या मधल्या तिरप्या दिशेला, म्हणजे उरेबात, कापड रबरासारखे ओढले जाते. चौकोनाच्या चारही बाजू उभ्या-आडव्या धाग्यांना समांतर असतील तर तो आपला आकार धरून राहतो. तिरका कापला गेलेला चौकोन मोजायला बरोबर असला तरी हाताळताना पतंगासारखा होतो. कापडाचा विणलेला काठ स्वतः जास्त घट्ट असतो आणि वेगळा आटतो, म्हणून तो कापून बाजूला काढावा.

कापणे

कापण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा साचा करून कापडाच्या उलट बाजूला टोकदार पेन्सिलने आखायचे आणि कात्रीने कापायचे. पुठ्ठ्याचे कोपरे पंचवीस-तीस वेळा आखल्यावर झिजतात आणि प्रत्येक चौकोन आधीच्यापेक्षा किंचित लहान होत जातो, म्हणून साचा अधूनमधून बदलावा किंवा सरळ प्लास्टिकचा करावा. कापडाखाली बारीक सँडपेपर ठेवला तर आखताना ते सरकत नाही. दुसरा मार्ग म्हणजे रोटरी कटर, त्याखाली ठेवायची कटिंग मॅट आणि जाड पारदर्शक पट्टी. पिझ्झा कापण्याच्या चाकासारखे दिसणारे हे हत्यार ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ साली बाजारात आणले आणि त्यानंतर पॅचवर्कची कापण्याची पद्धतच बदलली, कारण त्याने अनेक थर एकाच सरळ रेषेत कापता येतात. ज्यांना बरेच ब्लॉक करायचे आहेत त्यांनी ही साधने घ्यावीत. अठरा इंचांच्या एका नमुन्यासाठी चांगली कात्री पुरते.

रोटरी कटर वापरताना पाते नेहमी शरीरापासून दूर ढकलत न्यावे, पट्टीवरची बोटे कडेच्या आत ठेवावीत आणि प्रत्येक कापानंतर पाते झाकावे. एकदा काप झाला, की लगेच झाकण. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, कारण पात्याची धार बोट आणि कापड यांत फरक करत नाही. एका वेळी चारपेक्षा जास्त थर घेऊ नयेत. खालचे थर सरकतात आणि सर्वांत खालचा चौकोन वेगळ्याच मापाचा निघतो.

आधी कापडाची एक कड काटकोनात सरळ करावी, मग त्या कडेपासून अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या काढाव्यात आणि पट्ट्यांचे अडीच-अडीच इंचांवर चौकोन करावेत. तीन-चार पट्ट्या झाल्यावर कड पुन्हा काटकोनात आहे का ते पाहावे, ती हळूहळू तिरकी होत जाते. आपल्या नमुन्याला पंचेचाळीस लहान चौकोन लागतील: पंचवीस गडद, वीस फिकट, आणि साडेसहा इंचांचे चार मोठे. कापून झाल्यावर प्रत्येक गठ्ठ्यातले दोन-तीन चौकोन पट्टीखाली धरून मोजावेत. येथे सापडलेली चूक एका तुकड्याची असते.

किती कापड लागेल हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या एक मीटर कापडातून, दोन्ही काठ काढून टाकल्यावर, साडेसहा सेंटिमीटरचे चौकोन आडवे सोळा आणि उभे पंधरा बसतात, म्हणजे २४०. पन्हा भागिले चौकोनाचे माप, उरलेला अपूर्णांक सोडून द्यायचा, आणि लांबीचेही तसेच. दोन आकड्यांचा गुणाकार हे उत्तर. त्यात दहाएक चौकोन चुकीसाठी राखून ठेवावेत.

गडद आणि फिकट

रंग निवडताना कोणता रंग कोणाशेजारी शोभतो याचा नवशिके फार विचार करतात, आणि गडद-फिकटपणाचा फार कमी. ब्लॉकची नक्षी डोळ्याला दिसते ती गडद आणि फिकट यांच्या फरकाने. हिरवा आणि लाल कागदावर एकमेकांच्या विरुद्ध असले, तरी दोघे सारखेच गडद असतील तर चार पावलांवरून ते एकच राखाडी ठिगळ दिसते. हे तपासायला फोनवर तुकड्यांचा फोटो काढून तो काळा-पांढरा करावा: जे तुकडे एकमेकांत विरघळले त्यांचा फरक पुरेसा नाही. डोळे बारीक करून पाहिले तरी हेच कळते.

छापील कापडाच्या बाबतीत एक युक्ती उपयोगी पडते. जाड कागदात २ इंचांची चौकोनी खिडकी कापावी आणि ती कापडावर फिरवून पाहावी. हातभर अंतरावर देखणी वाटणारी मोठ्या फुलांची छपाई त्या खिडकीत नुसती पानाचा तुकडा आणि देठ म्हणून उरते, तर दुकानात दुर्लक्षित राहिलेली बारीक बुट्टी तेथे खुलते. पट्ट्यापट्ट्यांचे कापड पहिल्या कामात टाळावे. कापताना केसभर तिरके झाले तरी त्यातल्या रेषा चुगली करतात.

सर्व चौकोन कापल्यावर ते टेबलावर किंवा भिंतीला लावलेल्या लोकरी फडक्यावर नमुन्याप्रमाणे मांडावेत आणि थोडे लांब जाऊन पाहावे. नाइन पॅचमध्ये चार कोपरे व मधला चौकोन गडद आणि उरलेले चार फिकट ठेवले, तर आपल्या पाच ब्लॉकांतले गडद चौकोन तिरप्या साखळीसारखे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाताना दिसतात. ‘सिंगल आयरिश चेन’ या नावाने ओळखला जाणारा जुना नमुना तो हाच. मांडणीचा फोटो काढून ठेवावा, शिवताना तुकड्यांचा क्रम हमखास विसरतो.

मशीनची चाचणी

शिवायला बसण्याआधी मशीनची माया तपासावी. साधारण सहा इंच लांब आणि दीड इंच रुंद अशा तीन पट्ट्या घ्याव्यात, लांबीच्या बाजूने एकमेकींना जोडाव्यात, जोडांवर इस्त्री करावी आणि मधली पट्टी मोजावी. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त घेतली जात आहे. जास्त भरली तर कमी. बहुतेकांची मधली पट्टी पहिल्या वेळी कमी भरते, जरी टीप पट्टीने मोजून पाव इंचावर मारलेली असली तरी. याचे कारण असे की इस्त्रीने कापड जोडावर दुमडते तेव्हा त्या घडीत धाग्याची आणि कापडाची जाडी मावावी लागते, आणि ती जागा तयार मापातून जाते. म्हणून टीप पाव इंचापेक्षा एक-दोन धागे अलीकडे, काठाकडे घ्यायची असते.

बरोबर जागा सापडली की सुईखालच्या पत्र्यावर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावून एक छोटा कठडा करावा आणि कापडाचा काठ त्याला टेकवून शिवावे. पाव इंचाचा खास प्रेसर फूट, म्हणजे कापड सुईखाली दाबून धरणारा पाय, मिळतो, पण तो लावूनही ही चाचणी करावीच. टाक्याची लांबी २ ते २.५ मिलिमीटर ठेवावी, म्हणजे जोडाची टोके पक्की न करताही टीप सुटत नाही आणि गरज पडल्यास उसवताही येते. सुई ८० नंबरची, नवी; बोथट सुई कापड खाली ढकलते. धागा बारीक सुती असावा, वर आणि बॉबिनमध्ये एकच.

इतक्या बारकाव्याची खरोखर गरज आहे का, असे वाटणे स्वाभाविक आहे. माया दर बाजूला फक्त एक मिलिमीटर जास्त गेली असे समजा. एका जोडात दोन तुकड्यांची माया असते, म्हणजे दोन मिलिमीटर. सहा चौकोनांच्या ओळीत पाच जोड, म्हणून एक सेंटिमीटर. बारा चौकोनांच्या ओळीत अकरा जोड, बावीस मिलिमीटर. आता या ओळीशेजारी कमी जोड असलेली ओळ लावायची आहे, आणि तिची लांबी मात्र जवळजवळ बरोबर आहे. दोन्ही ओळी शिवताना चांगल्या गेल्या होत्या, एकही टीप वाकडी नाही, आणि तरीही त्या जुळत नाहीत.

ओळी जोडणे

दोन चौकोन सुलट बाजू आत येईल असे एकमेकांवर ठेवावेत, काठ जुळवावेत आणि टीप मारावी. सुरुवातीला सुई कधीकधी कापडाचा कोपरा खाली ओढून गिळते. ते टाळण्यासाठी आधी एका टाकाऊ चिंधीवर दोन-चार टाके घ्यावेत आणि धागा न तोडता त्यामागोमाग खरी जोडी सरकवावी. त्याच रीतीने जोडीमागून जोडी, मध्ये धागा न तोडता, पताकांच्या माळेसारखी शिवत गेले तर वेळ आणि धागा दोन्ही वाचतात. नंतर मधले धागे कापून जोड्या सुट्या करायच्या. माळेतला क्रम मांडणीप्रमाणेच राहील याकडे लक्ष ठेवावे.

कापड मागून ओढू नये आणि पुढून ढकलूही नये, हाताने फक्त दिशा द्यावी. मशीनचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि प्रेसर फूट वरच्या थराला किंचित मागे धरतो. म्हणून दोन तुकड्यांपैकी एखादा केसभर लांब असेल तर तो खाली ठेवावा. फरक दोन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ताणून जुळवण्याच्या फंदात न पडता लहान चौकोन बदलावा. याचसाठी दहा चौकोन राखून ठेवले आहेत.

इस्त्री

इस्त्री हे काम संपल्यानंतरचे सुशोभन आहे असे समजणारे बरेच जण भेटतात. पॅचवर्कमध्ये प्रत्येक जोडानंतर, पुढचा जोड शिवण्याआधी, इस्त्री करावी लागते, आणि ती कपड्यांवर फिरवतो तशी फिरवायची नसते: उचलावी, ठेवावी, दाबावी, पुन्हा उचलावी. पुढे-मागे घासल्याने चौकोन तिरका ताणला जातो आणि वाफेची इस्त्री असेल तर तो तसाच बसतो. ब्लॉक मध्ये फुगण्याचे किंवा कडेला लहरी पडण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

आधी जोड जसा शिवला तसाच, बंद स्थितीत, दाबावा, म्हणजे टाके कापडात बसतात. मग वरचा तुकडा उघडून सुलट बाजूने जोडावर दाबावे. दोन्ही माया एकाच दिशेला, गडद तुकड्याच्या बाजूला वळवाव्यात; फिकट कापडातून गडद माया सावलीसारखी दिसते हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. आपल्या ब्लॉकच्या पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत गडद चौकोन टोकांना आहेत, त्यामुळे माया बाहेरच्या दिशेने वळतात. मधल्या ओळीत गडद चौकोन मध्ये आहे, तेथे माया आत वळतात. ओळी एकमेकींवर ठेवल्या की जोडांच्या जागी विरुद्ध दिशेला वळलेल्या माया एकमेकींना अडतात आणि कडी लागावी तशा बसतात. बोटांनी चाचपून पाहिले तर ही जागा स्पष्ट कळते. येथे चारही कोपरे आपोआप एका बिंदूत येतात.

प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक टाचणी लावावी, ओळ शिवावी आणि सुई जवळ येताच टाचणी काढावी. टाचणीवरून शिवल्यास सुई मोडते. काठ थोडे मागेपुढे दिसत असले तरी जोड जुळवण्याला प्राधान्य द्यावे, कारण काठ आत जाणार आहेत आणि जोड आयुष्यभर डोळ्यांसमोर राहणार आहे. एखादा कोपरा दीड-दोन मिलिमीटरने चुकला तर उसवावा का? मी लहान नमुन्यात उसवतो, मोठ्या गोधडीत नाही. उसवायचे ठरवलेच, तर टीप ओढून काढू नये. दर तिसरा-चौथा टाका उसवणीने कापावा आणि दुसऱ्या बाजूचा धागा अलगद खेचावा, म्हणजे काठ ताणले जात नाहीत.

पट्ट्यांची पद्धत

एकाच रंगसंगतीचे अनेक ब्लॉक करायचे असतील तर सुटे चौकोन जोडण्याची गरज नाही. अडीच इंच रुंदीच्या लांब पट्ट्या आधी शिवायच्या आणि मग आडव्या कापायच्या. आपल्या पाच ब्लॉकांसाठी सुमारे २७ इंच लांबीच्या दोन गडद आणि एक फिकट पट्टी घेऊन गडद-फिकट-गडद असा पहिला संच शिवावा. १४ इंचांच्या दोन फिकट आणि एक गडद पट्टी घेऊन फिकट-गडद-फिकट असा दुसरा. इस्त्री झाल्यावर दोन्ही संच साडेसहा इंच रुंद भरतात. पहिल्यातून अडीच इंचांचे दहा काप आणि दुसऱ्यातून पाच काप काढले की सगळ्या पंधरा ओळी तयार. लांब पट्ट्या शिवताना प्रत्येक जोड आधीच्या जोडाच्या उलट टोकाकडून सुरू करावा, नाहीतर संच धनुष्यासारखा वाकतो. विविध चिंध्यांची रंगीबेरंगी गोधडी हवी असेल तर मात्र ही पद्धत कामाची नाही.

हाताने जोडणाऱ्यांसाठी

मशीन नसेल तर काही अडत नाही, उलट हाताने कोपरे अधिक नेमके जुळतात. फरक एवढाच, की हातशिलाईत काठ महत्त्वाचा नसतो, आखलेली रेघ महत्त्वाची असते. २ इंचांचा साचा कापडाच्या उलट बाजूला ठेवून शिवणीची रेघ आखावी आणि तिच्याबाहेर अंदाजे पाव इंच सोडून कापावे. दोन तुकड्यांचे कोपरे टाचणीने आरपार जुळवून रेघेवरून बारीक धावदोरा घालावा, दर इंचाला एक मागचा टाका घ्यावा. टीप कोपऱ्याच्या खुणेपाशी सुरू व्हावी आणि खुणेपाशीच संपावी. मायेवरून टाका नेऊ नये, म्हणजे माया शेवटी हव्या त्या दिशेला वळवता येतात.

चौकोनातून त्रिकोण

चौकोनांचा हात बसला की दोन त्रिकोणांचा चौकोन करून पाहावा. गडद आणि फिकट असे दोन चौकोन सुलट बाजू आत घेऊन ठेवायचे, वरच्यावर एक कर्ण आखायचा, कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारायची आणि मग कर्णावर कापायचे. दोन नवे दुरंगी चौकोन मिळतात. तयार माप ३ इंच हवे असेल तर हिशेबाने ३ पूर्णांक ७/८ इंचाचे चौकोन लागतात, पण मी सरळ ४ इंचांचे घेऊन शिवल्यावर साडेतीन इंचांवर छाटण्याचा सल्ला देईन. कर्णाची बाजू पूर्ण उरेबात असते. आधी त्रिकोण कापून मग शिवले तर ती ताणली जाते, म्हणूनच शिवण आधी आणि काप नंतर.

ब्लॉक मोजणे आणि जोडणे

पाचही ब्लॉक तयार झाल्यावर प्रत्येक मोजावा. साडेसहा इंच भरला तर उत्तमच. एखादा ब्लॉक मोठा भरला म्हणून त्याच्या कडा छाटू नयेत. बाहेरचे चौकोन मधल्यापेक्षा अरुंद होतात आणि शेजारच्या ब्लॉकशी साखळी जुळत नाही. तो इस्त्री करून पाहावा, एखाद्या जोडाची घडी अर्धवट उघडली असेल तर माप तेथे वाढलेले वा घटलेले असते. पाचही ब्लॉक मात्र सारखेच, समजा ६ पूर्णांक ३/८ इंच, भरले असतील तर काहीही उसवू नये. माया दर बाजूला इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतकी जास्त गेली की चार मायांत मिळून इंचाचा आठवा भाग कमी होतो, आणि ती सर्वत्र सारखीच गेली आहे. अशा वेळी चार सलग चौकोनच ६ पूर्णांक ३/८ इंचांवर छाटावेत. म्हणूनच हे मोठे चौकोन सुरुवातीला कापले तरी शेवटचे माप ब्लॉक मोजल्यावरच द्यावे, असे मला वाटते.

आता ब्लॉक आणि सलग चौकोन आलटून-पालटून तीन ओळींत जोडावेत. येथे माया सलग चौकोनाकडे वळवाव्यात; त्या बाजूला कापडाचा एकच थर असल्याने जोड सपाट बसतो, आणि सलग चौकोनांच्या जागा दर ओळीत बदलत असल्याने ओळींच्या जोडणीवर माया पुन्हा आपोआप विरुद्ध दिशांना येतात. ओळी जोडताना आधी जोडांवर टाचण्या, मग दोन्ही टोकांना, आणि शेवटी मधल्या मोकळ्या जागेत. शेवटचे दोन जोड एका बाजूला वळवून दाबावेत आणि चारही कडा मोजाव्यात: साडेअठरा इंच, पैकी अर्धा इंच पुढच्या शिवणीत जाईल. अस्तर लावायला वेळ असेल आणि तुकडा तोवर घडी करून ठेवायचा असेल, तर कडेपासून इंचाच्या आठव्या भागावर चहूबाजूंनी एक टीप मारून ठेवावी, म्हणजे कडेला उघडे राहिलेले जोड सुटत नाहीत.